पत्र्यावर चढण्याआधी

पावसाआधी पत्रा दुरुस्त करायला स्वतः चढणार असाल, तर सकाळी लवकर चढा; दुपारी पाय भाजतात आणि वळवाच्या सरीनंतर पत्रा फार निसरडा होतो. गळती बहुधा बोल्टाच्या भोकातून असते, कारण उन्हाने रबरी वॉशर कडक होऊन तडकतो. तो बदला, पण जास्त आवळू नका: नवा वॉशर चिरडतो, पत्रा दबतो आणि तिथेच पाणी साचतं. पाऊल बोल्टांच्या रांगेवरच टाका, आधाराचा वासा किंवा अँगल तिच्याखालीच असतो. शिडी वर बांधून घ्या, खाली कुणीतरी हवंच. सिमेंटच्या पत्र्याची मात्र मला खरोखर भीती वाटते. वरून धड दिसणारा तो पत्रा पायाखाली एकदम फुटतो आणि माणूस थेट खाली जातो. त्यावर चढूच नका, जाणकार कारागीर बोलवा.