ओव्याचं फूल आणि बाटलीतली 'इम्युनिटी'

पावसाळा लागला की औषधांच्या दुकानात 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' बाटल्या काउंटरवर येतात. तुळस, दालचिनी, ओवा. जे वासाचं ते गुणाचं, असा एकूण हिशेब. हे सगळं थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ओव्याचंच बघा.

ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल असतं आणि त्यात मोठा वाटा थायमॉलचा. त्याचे स्फटिक म्हणजे आपलं 'ओव्याचं फूल'. कापूर आणि पुदिन्याच्या फुलासोबत ते बाटलीत ठेवलं की तिन्ही आपोआप पातळ होतात, हीच अमृतधारा. थायमॉल जंतूच्या स्निग्ध आवरणात घुसतं, आवरण गळू लागतं, आतले क्षार बाहेर पडतात आणि जंतू मरतो. लिस्टरिनने खळखळून चूळ भरताना आपण हेच रसायन तोंडात फिरवतो, अवघं ०.०६४ टक्के. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा जर्मनीला जायचा आणि त्यातून थायमॉल तिकडे काढलं जायचं.

पण तोंडात ते थेट जंतूला भिडतं. गिळल्यावर आतडं आणि यकृत त्याचं रूप पालटून ते लघवीवाटे बाहेर काढतात. रक्तात मोकळं थायमॉल जवळजवळ उरतच नाही.

१९०९ मध्ये उद्योगपती रॉकफेलरच्या पैशातून अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमी या आतड्यातल्या जंताविरुद्ध मोहीम सुरू झाली. तेव्हाचं औषध थायमॉलच. मोठ्या माणसाला सुमारे ४ ग्रॅमपर्यंत मात्रा, वर जुलाबासाठी एप्सम सॉल्ट. तेल-तूप आणि दारू मात्र सक्त वर्ज्य, कारण त्यात विरघळून थायमॉल अंगात भिनलं तर विषबाधा. जंत आतड्यात होते, म्हणून औषध आतड्यातच राहायला हवं होतं. चमचाभर ओव्यातलं थायमॉल मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. तो पोटाला मानवतो तो त्यामुळेच, आणि त्यानं न्यूमोनिया हटत नाही तेही त्यामुळेच.

आता 'इम्युनिटी'. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत थायमॉलमुळे दाह भडकवणारे रेणू कमी झालेले दिसतात. म्हणजे प्रतिकारशक्ती तिथे चढत नाही, थोडी निवते. दाहाच्या आजारांत याचा उपयोग होईलही. त्यासाठी माणसांवर नीट चाचण्या हव्यात. पण बाटलीवर छापलंय नेमकं उलट! त्यापेक्षा आत थायमॉल किती मिलिग्रॅम आहे तेवढं छापा की.

कोविडच्या लाटेत कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंड्या हुंगून ऑक्सिजन वाढतो, असे निरोप मोबाइलवर फिरले. ऑक्सिजन वाढत नाही. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून अमृतधारेची बाटलीही वरच्या फळीवरच हवी. सर्दी झालेल्या मोठ्या माणसाला तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायचं तर खुशाल शेका, बरं वाटतं. तान्ह्या बाळाजवळ मात्र कापूर नको, पुरचुंडीतही नको.