आजोबांच्या टोपीवरचा बिल्ला



आपल्या समाजातील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी पलटणीत होते. त्यांची आठवण म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत एखादा पितळी बिल्ला पडलेला असतो. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागतो आणि मोडीच्या भावाने जातो. तोच बिल्ला पुढे जुन्या बाजारात "कोरेगावच्या लढाईतला" म्हणून विकला जातो. आपण दोन्हीकडून फसतो. म्हणून तो पारखायचा कसा, हे आज पाहू.

प्रथम समोरची बाजू बघा. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आहेत. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभ काढून त्या जागी खंजीर आला. म्हणजे स्तंभ असेल तर बिल्ला जुना, खंजीर असेल तर नंतरचा.

आता "लढाईतला बिल्ला" ही थाप कशी ओळखायची? लढाई झाली १ जानेवारी १८१८ ला. स्तंभ उभारला तो लढाईनंतर. मग लढणाऱ्या शिपायाच्या टोपीवर स्तंभ येईल कुठून? आणि व्हिकर्स मशीनगन तर विसाव्या शतकातली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार ही पलटण १९१७ ला उभी राहिली व १९२१ ला मोडली, पण ती वेगळी.

इतर पलटणींच्या बिल्ल्यांवर मुकुट असेल तर तोही बोलतो. मुकुटाच्या कमानी गोल वर चढलेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, साधारण १९०१ ते १९५२. कमानी मधे खोलगट असतील तर बहुधा एलिझाबेथ राणीचा, १९५३ नंतरचा. तो भारतीय पलटणीचा नव्हे. मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातही खोलगट मुकुट दिसतो, म्हणून एवढ्यावरच भिस्त ठेवू नये. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाले, मुकुट गेला आणि सम्राट अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरील सिंह आले. अशोकाचे सिंह असलेला बिल्ला बहुधा त्यानंतरचा असतो.

मग बिल्ला उलटा करा. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या मागे समोरच्या नक्षीचा खळगा दिसतो. टोपीत अडकवायला कड्या किंवा उभी पट्टी डाख देऊन बसवलेली असते. डाख ताजा, पितळ चकचकीत, अक्षरे बोथट असतील तर नक्कल समजावी. पण ओतीव दिसला म्हणून लगेच खोटा म्हणू नका. युद्धकाळात इथल्या कारागिरांनीही बिल्ले ओतून दिले आहेत.

माता-भगिनींना एक विनंती. बिल्ला चिंच-राखेने घासू नका. घासल्याने नक्षी झिजते आणि वयाची खूणही जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा व कागदात गुंडाळून ठेवा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकटा बिल्ला कोणाचा, हे सांगत नाही. त्यावर नाव नसते. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर मात्र शिपायाचा नंबर व नाव ठोकलेले असते. म्हणून बिल्ला, पदक, डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक आणि फोटो एकत्र ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारून नाव, गाव, पलटण आणि साल एका वहीत लिहून काढा. बाजारात बिल्ला पुन्हा मिळेल, पण आजीची आठवण मिळणार नाही. हे काम येत्या रविवारीच करा.