इलेक्ट्रिक गाडी, हरित वीज आणि आपली फुफ्फुसं

"डॉक्टर, इलेक्ट्रिक गाडी घेतली तर मुलाचा दमा कमी होईल का?" हा प्रश्न आता ओपीडीत वरचेवर येतो. त्याच्या जोडीला दुसरा येतो, "पण वीज तर कोळशाचीच ना? मग उपयोग काय?" विचारणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. घोळ होतो तो दोन वेगवेगळे हिशेब एकाच वहीत लिहिल्यामुळे. एक हिशेब आपण श्वासातून आत घेतो त्या हवेचा, दुसरा पृथ्वीच्या तापमानाचा. गाडी एकच असली तरी दोन्ही हिशेबांची उत्तरं वेगळी येतात.

आधी श्वासाचं बघू. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतून जे बाहेर पडतं त्यातल्या दोन गोष्टींची मला डॉक्टर म्हणून काळजी वाटते. पहिली, पीएम २.५ हे सूक्ष्म कण. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते आणि हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. नाकातले केस, घशातला चिकट स्राव यांना ते दाद देत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि त्यातले अतिबारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून खराब हवेचा संबंध खोकल्यापुरता राहत नाही, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताशीही जोडला जातो. दुसरी गोष्ट, नायट्रोजन डायऑक्साइड. श्वासनलिकेचं अस्तर सुजवणारा हा वायू दम्याच्या मुलांना विशेष त्रास देतो.

आता सायलेन्सरची उंची आठवा. जमिनीपासून फूटभर. सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलाचं नाक त्यापासून किती लांब असतं? औष्णिक वीज केंद्राच्या मोठ्या संचाची चिमणी २७५ मीटर उंच असते आणि तिचा धूर लांबवर पसरून विरळ होत जातो. एक किलो धूर सिग्नलवर सोडणं आणि तोच एवढ्या उंचीवर सोडणं यात आपल्या छातीत जाणाऱ्या भागाचा फरक प्रचंड आहे. त्यामुळे वीज कोळशाची असली तरी गजबजलेल्या रस्त्यावरची हवा इलेक्ट्रिक वाहनांमुळे सुधारते, हे मी खात्रीने सांगतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर हजार लोकांमागे धूर न सोडणाऱ्या २० गाड्या वाढल्या की दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचं प्रमाण ३.२ टक्क्यांनी कमी दिसलं. हा संबंध आकडेवारीतून दिसलेला आहे, शिवाय तिथली वीज आपल्यापेक्षा स्वच्छ आहे, पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

मात्र "मुलाचा दमा" म्हणून विचाराल, तर तुमच्या एका गाडीने तुमच्या मुलाचा दमा कमी होणार नाही. तुमचं मूल तुमच्या गाडीचा धूर घेत नाही, शेजारून जाणाऱ्या टेम्पोचा घेतं. गाडी घेतली म्हणून इनहेलर बंद करू नका.

टायर आणि ब्रेकची झीज, रस्त्यावरची धूळ हे कण इलेक्ट्रिक गाडीमुळेही उडतातच. ब्रेकची धूळ कमी होते, कारण वेग कमी करताना मोटरच बराचसा ब्रेक लावते. पण बॅटरीमुळे गाडी जड होते आणि टायर जास्त झिजतात. आपल्या शहरांत तर खोदलेले रस्ते, उघड्यावर पडलेली वाळू आणि पेटवलेला कचरा यांचा वाटा मोठा आहे, त्याला कुठल्याच गाडीचं इंजिन जबाबदार नाही.

धूर गेला कुठे, हा प्रश्न मात्र अजून उरतोच. पुण्या-मुंबईत चार्ज होणाऱ्या गाडीच्या विजेचा मोठा भाग विदर्भातून येतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा. देशात तयार होणाऱ्या एकूण विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश आजही कोळशातून येते. उंच चिमणीमुळे धूर विरळ होतो हे वर मीच लिहिलं, पण विरळ होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेत राहून त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. म्हणजे पुन्हा तेच पीएम २.५, फक्त शेकडो किलोमीटरवर पसरलेलं. आणि राख? जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या शेतात, नाल्यात शिरलं. माझ्या शहराची हवा सुधारताना तिकडच्या माणसाच्या छातीवर किती भार पडतो, हे विचारायला आपण बांधील आहोत.

या भारावर उपाय नाही असं नाही. चिमणीतून जाणाऱ्या वायूतलं गंधक चुन्याच्या साहाय्याने धुऊन काढणारी यंत्रणा जगभर वापरली जाते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये त्यासाठीची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. मोठ्या शहरांजवळच्या संचांवर बंधन राहिलं, आणि चंद्रपूरसारख्या आधीच प्रदूषित ठरलेल्या भागांबाबत एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असं झालं. कारण असं दिलं गेलं की भारतीय कोळशात गंधक कमी असतं आणि हवेत मोजलेला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. वैद्यकीय दृष्टीने मला हे पटत नाही. वायू मर्यादेत दिसतो याचं एक कारण त्याचं कणांत रूपांतर झालेलं असतं हेही आहे, आणि रुग्णाला त्रास त्या कणांचा होतो. ताप मोजून रक्तदाब ठीक आहे म्हणण्यासारखं झालं हे.

आता दुसरी वही, तापमानाची. इथे थोडं गणित करू, आकडे ढोबळ आहेत. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सहा किलोमीटर जाते असं धरू. वाटेतली वीजगळती धरून किलोमीटरला १४० ग्रॅम. पेट्रोल कार लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर जळणाचे १५० आणि तेल शुद्ध करून पंपावर आणण्याचे मिळून १८५ ग्रॅम. फायदा किलोमीटरला ४५ ग्रॅम. पण ३० युनिट साठवणारी बॅटरी बनवतानाच दोन ते तीन टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडलेला असतो. तो फिटायला ५० ते ६० हजार किलोमीटर गाडी चालवावी लागते. टॅक्सीवाला हे वर्षभरात फेडतो. फक्त रविवारी बाहेर पडणारं, वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणारं कुटुंब दहा-बारा वर्षांनी फेडेल. अशा कुटुंबाने धडधाकट जुनी पेट्रोल कार मोडून नवी इलेक्ट्रिक घेण्यात पर्यावरणाचं फारसं भलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हौस म्हणून जरूर घ्या.

स्कूटरचं गणित मात्र एकदम वेगळं येतं. एका युनिटमध्ये ३५ किलोमीटर, म्हणजे गळतीसह किलोमीटरला २५ ग्रॅमच्या आत. पेट्रोल स्कूटरचे ६० ग्रॅम. बॅटरीही तीनच युनिटची, तिचा हिशेब सात हजार किलोमीटरच्या आसपास फिटतो. रोज कामावर जाणाऱ्याचं ते एका वर्षात होतं. दिवसभर पार्सलं पोहोचवणारी मुलं, रिक्षा आणि सगळ्यात आधी शहर बसगाड्या इलेक्ट्रिक झाल्या पाहिजेत. डिझेलची एक बस दिवसभर गर्दीच्याच रस्त्यावर धूर सोडत फिरते. अनुदानाचा रुपया कारपेक्षा तिथे खर्च झाला तर माझे रुग्ण कमी होतील.

हरित वीज दराबद्दल आता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये युनिटमागे ६६ पैसे जादा भरून शंभर टक्के नवीकरणीय वीज मागण्याची सोय ग्राहकांना दिली. त्या दराने महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्याला ६६ रुपये. पैसे भरल्यावर तारेतून वेगळी वीज येत नाही. विजेला रंग नसतो, सगळ्यांची वीज एकाच ग्रिडमध्ये मिसळते. तुमच्या नावावर हिशेबात तेवढी सौर किंवा पवन वीज मांडली जाते, इतकंच. ती वीज तुमच्या जादा पैशांमुळे नव्याने निर्माण झाली का, हा खरा प्रश्न. वीज कंपन्यांना कायद्यानेच ठरावीक टक्के नवीकरणीय वीज घ्यावी लागते. तीच तुमच्या नावावर लिहिली गेली, तर चिमणीतून निघणाऱ्या धुरात काडीचाही फरक पडत नाही. कायद्याच्या सक्तीपेक्षा जास्त खरेदी झाली, तरच फरक पडतो. तेव्हा कंपनीला हेच विचारा. "आम्ही हरित वीज वापरतो" अशी पाटी लावणाऱ्या कार्यालयांनाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत मी या योजनेला चांगल्या हेतूची देणगी समजतो, इलाज नव्हे.

त्यापेक्षा वीज केव्हा वापरता याला जास्त महत्त्व आहे. सौर वीज दुपारी मुबलक असते, रात्री नसते. रात्री दहाला प्लग लावून झोपलात तर गाडी बहुतांशी कोळशावरच भरते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसा चार्जिंग मिळालं तर तोच प्लग स्वच्छ होतो. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळच्या विजेवर सवलत आहे ती याचसाठी. स्वतःचं छत असेल तर तीन किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण १२ युनिट देतात आणि केंद्राच्या योजनेत त्यावर ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. इथे नवी वीज खरोखर तयार होते, कोणाच्या हिशेबावर विसंबावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कोणी काढत नाही, ती म्हणजे शिसं. इलेक्ट्रिक कार-स्कूटरमध्ये लिथियमच्या बॅटऱ्या असतात, पण कितीतरी ई-रिक्षा अजून जुन्या शिशाच्या बॅटरीवर धावतात. ही बॅटरी लवकर संपते. ती अधिकृत कारखान्यात गेली तर ठीक, पण अनेकदा वस्तीतल्या शेडमध्ये फोडून, शिसं उघड्या भट्टीत वितळवलं जातं. तिथली माती, तिथली धूळ, बापाच्या कपड्यांवरून घरात येणारं शिसं लहान मुलांच्या रक्तात जातं. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नसते. बुद्ध्यांक घटतो, वर्तन बिघडतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिसं काळजी करण्याइतकं असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची व्यवस्था करणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका, नवीन घेताना दुकानातच परत करा आणि पावती घ्या. तुमच्या परिसरात बॅटऱ्या फोडण्याचं काम चालत असेल आणि मूल चिडचिडं, फिकट, सतत पोटदुखीची तक्रार करणारं असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. रक्तातलं शिसं मोजता येतं, पण डॉक्टरांना शंका आली तरच ती तपासणी लिहिली जाते.