घोड्याचा सातबारा कोणी मागतच नाही

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठी घोड्यांच्या रांगा लागतात, परराज्यांतले व्यापारी उतरतात आणि लाखाच्या पुढचे सौदे रुमालाखालच्या बोटांवर ठरतात. हाच माणूस गावात अर्धा एकर घ्यायचा म्हटला की तलाठ्याकडे चार खेटे घालतो. सातबारा बघतो, फेरफार काढतो, बोजा आहे का विचारतो. घोडा घेताना मात्र ‘अमक्याच्या नामी घोड्याचं शिंगरू आहे’ एवढ्या एका वाक्यावर पैसे मोजून मोकळा!

घोडा हा खरं तर आमच्या खात्याचा विषय नव्हे, तो पशुसंवर्धनवाल्यांचा. पण गावोगाव फिरताना दारात एखादी चांगली घोडी बांधलेली दिसते, तिच्यावर घरातली बरीच पुंजी गुंतलेली असते. म्हणून लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे घोडा पारखतात तो रंग, उंची, चाल आणि शुभलक्षणं बघून. पंचकल्याण आहे का, देवमण आहे का, कुठला भोवरा कुठे आहे, यावर किंमत खालीवर होते. गंमत अशी, की घोड्याची रीतसर नोंद करणारे लोकही हेच भोवरे बघतात. फक्त शकुनासाठी नाही, ओळखीसाठी. कपाळावरचा टिळा, पायाचा पांढरा भाग, मानेवरचा भोवरा हे सगळं छापील आकृतीवर काढून घेतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच ते. त्याच्या जोडीला मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिचा १५ आकडी नंबर यंत्रावर वाचता येतो. म्हणजे डोळ्यांची पारख आपल्याकडे आहेच, कमी आहे ती वहीची.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं स्टड बुक पुण्यातच ठेवलं जातं. तिथे आईबाप डीएनए तपासणीने पटल्याशिवाय शिंगराला नाव लागत नाही. ही शिस्त इंग्लंडात १७९१ पासून चालत आली. पण ते श्रीमंतांचं काम म्हणून आपण सोडून देतो. मग जर्मनीतलं हॅनोव्हर बघा. तिथे १७३५ साली सेल या गावी सरकारी घोडे ठेवले, ते शेतकऱ्यांच्या घोड्या फळवण्यासाठीच. १८८८ मध्ये तिथलं स्टड बुक सुरू झालं. आज उड्या मारण्याच्या आणि ड्रेसाजच्या स्पर्धेत हॅनोव्हरचा घोडा जगभर मागतात. तिथे नुसती वंशावळ लिहून थांबत नाहीत, अमक्या घोड्याची पोरं मैदानात काय करतात तेही नोंदवतात. त्यावरून पुढे कुठला घोडा पैदाशीला ठेवायचा ते ठरतं.

‘कागदाने काय घोडा पळतो का?’ असं एका जाणत्या घोडेवाल्याने मला ऐकवलं. नाही पळत, कबूल. पण का पळाला आणि त्याचं शिंगरूही पळेल का, हे कागदाशिवाय कळायचं कसं? दुसरं त्याहून वाईट. एखादा घोडा गाजला की दहा गावांतल्या घोड्या त्याच्याकडेच नेतात. तीन-चार वर्षांनी त्याच्याच मुली वयात येतात, विकल्या जातात, हात बदलतात आणि फिरून त्याच घोड्याकडे येतात. कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग जबड्याचा दोष, कमजोर शिंगरं, घोडी न ठरणं, आणि खापर खुराकावर.

मारवाडी घोड्यांची नोंदणी करणाऱ्या संस्था राजस्थानात आहेत, आपल्याकडचेही काही हौशी लोक तिकडे नोंद करतात. मात्र नुसती ठेवण बघून ‘हा या जातीचा’ असा दाखला मिळणं वेगळं आणि आईबापासह वंशावळ लागणं वेगळं. विकणारा पहिला कागद दाखवून दुसऱ्याची किंमत मागतो, तिथे सावध राहावं.

केसांच्या मुळावरून आईबाप कळतात, असं हल्ली सगळे ऐकून आहेत. ते अर्धंच खरं. सांगितलेला बाप खरा की खोटा एवढं ताडून बघता येतं, आणि त्यासाठी बापाचा नमुनाही लागतो. घोडा मेला, नमुना ठेवलेला नाही, तर काम अवघड होऊन बसतं. म्हणून शिंगरू आईच्या अंगावर पितं आहे तोवरच नोंद उरकायला हवी.

याची सुरुवात घोडी फळवली त्या दिवशी होते. घोडेवाला पैसे घेतो, तर दाखला देणं त्याचंच काम आहे: घोड्याचं नाव, चिप नंबर, घोडीची खूण, तारीख, सही. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. चैत्रात फळवली तर फाल्गुनात व्यायची. तारीख जुळत नसेल तर बाप दुसराच कोणी असायचा, हे घरच्या कॅलेंडरवरही कळतं. पैसे द्यायच्या आधी दाखला मागा. नंतर कोणी देत नाही.