पारख : स्वस्तातलं पिस्तूल, आजन्म वॉरंटी

आपल्या लहानपणची टिकल्यांची पत्र्याची बंदूक आज इथे अमेरिकेत विकायची म्हटली, तर तिच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण लावावी लागेल. तिच्यामुळे पोरांना इजा व्हायला लागली, तर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी असलेला केंद्रीय आयोग ती बाजारातून परत मागवू शकेल. टोस्टर, पाळणे, प्रेशर कुकर अशा सगळ्यांवर या आयोगाची नजर असते. खऱ्या पिस्तुलावर मात्र त्याचा अधिकार चालत नाही. १९७२ साली आयोगाचा कायदा झाला तेव्हाच बंदुका त्यातून वगळल्या गेल्या आणि १९७६ च्या दुरुस्तीने गोळ्यांनाही तीच सूट मिळाली. पिस्तूल सदोष निघालं तर ते परत मागवायचं की नाही, हे ते बनवणारी कंपनीच ठरवते. फार तर कोणीतरी कोर्टात जातं.

‘पारख’मध्ये आजवर मिक्सर झाले, गाद्या झाल्या, कार-सीट झाली, गेल्या वर्षी वॉशिंग मशीन झालं. यंदाचा विषय ऐकून संपादकांनी फोनवर जरा वेळ काहीच उत्तर दिलं नाही. विषय मी शोधायला गेले नव्हते. मंडळातल्या एका मैत्रिणीचं गॅस स्टेशन आहे. रात्रीच्या पाळीला ती किंवा तिचा नवरा, दोघांपैकी एकच जण काउंटरवर असतो. गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावरचं एक दुकान लुटलं गेलं आणि या दोघांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. “अगं, तू मिक्सरचं भांडं उलटं करून बघतेस, मग एवढंही बघून दे ना. ३०० डॉलरच्या वर जायचं नाही,” ती म्हणाली. पिस्तूल घ्यावं की नाही, हे तिने मला विचारलं नव्हतं. माझ्या घरी ते नाही आणि आणायचा विचारही नाही. पण ज्यांच्याकडे पैसे कमी असतात त्यांनाच बहुधा रात्रपाळी करावी लागते, तेव्हा स्वस्तातल्या वस्तूची पारख त्यांना जास्त लागते.

दुकानात मी हात मागे बांधून उभी होते. विक्रेत्याने पिस्तूल रिकामं आहे हे दाखवून माझ्यापुढेही धरलं, मी नको म्हटलं. कारण मी एच-फोरवर आहे. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, व्हिजिटर, अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही आणि बाळगताही येत नाही. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असणं हा एक अपवाद आहे, असे आणखीही काही आहेत, पण आपल्यापैकी बहुतेकांकडे ते नसतात. ऑफिसातला मित्र “चल, गंमत म्हणून रेंजवर” म्हणतो, तिथे भाड्याचं पिस्तूल हातात घेणंसुद्धा ‘बाळगणं’ ठरू शकतं. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक यांना ही अडचण नाही. ज्यांच्या घरी पिस्तूल आहे आणि सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत, त्यांनी पेटीची किल्ली कुठे ठेवायची याचाही विचार करावा. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा-पंधरा वर्षं उभं राहून अशा गोष्टीपायी नाव खराब करून घेऊ नये.

आता वस्तूकडे वळू. पोलीस वापरतात त्या धाटणीचं ग्लॉक साधारण ५०० ते ६०० डॉलरला पडतं. आमच्या कोलंबसहून उत्तरेला तासाभरावर मॅन्सफील्ड आहे. ‘शॉशँक रिडेम्प्शन’मधला तुरुंग बघायला आपण पाहुण्यांना नेतो, तेच गाव. तिथे हाय-पॉइंटची पिस्तुलं बनतात आणि ती २०० डॉलरच्या आसपास मिळतात. मधले पैसे कुठे वाचले? महागड्या नाइन एमएम पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, क्षणभर एकमेकांत अडकून राहतात आणि दाब उतरला की सुटतात. त्यासाठी पोलादावर बारीक कातकाम लागतं. हाय-पॉइंटमध्ये ही कडीच नाही. नळी पोलादीच आहे, पण स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतून काढलेला. तो मुद्दाम जड ठेवलाय, म्हणजे त्याचं वजन आणि स्प्रिंग मिळूनच धक्का सोसतात. म्हणून ते पिस्तूल विटेसारखं दिसतं आणि हातात विटेसारखंच लागतं. मॅगझिनमध्ये गोळ्या ८. लोक त्याची यथेच्छ टिंगल करतात. २०१९ साली कंपनीने नव्या पिस्तुलासाठी लोकांकडून नाव मागवलं, तर ‘यीट कॅनन’ला, म्हणजे साधारण ‘भिरकावायची तोफ’ला, भरभरून मतं पडली. कंपनीनेही ते हसून स्वीकारलं.

पण मुकाट्याने काम करणारी कुरूप वस्तू आणि बिघडणारी वस्तू यांत फरक असतो. हाय-पॉइंटची वॉरंटी आजन्म आहे. तुम्ही पहिले मालक आहात की चौथे, पावती आहे की नाही, हे विचारत नाहीत. पिस्तूल पाठवा, दुरुस्त करून देतात. जस्ताचा स्लाइड वाईट, असं काउंटरवर तावातावाने सांगणारे भेटतात, पण ते निकषांतला सोपा निकष तेवढा धरून बसतात.

‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म, हे मात्र विचारायला हवं. बंदूक नीट ठेवली तर मालकाच्या नातवापर्यंत टिकते, कंपनी टिकेलच असं नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परदेशातून येणाऱ्या स्वस्त, छोट्या पिस्तुलांवर बंधनं आणली, पण देशात बनणाऱ्यांना ती लागू नव्हती. मग लॉस एंजेलिसच्या आसपास जस्ताची स्वस्त पिस्तुलं बनवणाऱ्या कंपन्यांचं एक कडंच उभं राहिलं. १९७० मध्ये सुरू झालेली रेव्हन आर्म्स त्यातली पहिली. १९९४ साली कॅलिफोर्नियात या कड्यातल्या ब्रायको कंपनीचं एक पिस्तूल रिकामं करताना सुटलं. गोळी ७ वर्षांच्या मुलाला लागली आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला. त्या मॉडेलची रचना अशी होती, की आतली गोळी काढायची तर सेफ्टीचा खटका आधी उघडावा लागे. म्हणजे धोका टाळायची कृती करायची तीच धोका पत्करून. २००३ साली ज्युरीने कंपनीला दोषी धरून कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवली आणि कंपनीने लगोलग दिवाळं काढलं. अशी पिस्तुलं आजही जुन्या बाजारात शंभरेक डॉलरला दिसतात. त्यांच्या मागे उभं राहायला कोणी नाही. माझ्या मते ती फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

मैत्रिणीला त्या दुकानात आवडलं होतं ते टॉरसचं एक छोटं पिस्तूल. कंपनी ब्राझीलची, आता जॉर्जिया राज्यातही तिचा कारखाना आहे, किंमत ३०० च्या आत आणि हाताला चांगलं बसतं. या कंपनीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. २०१३ साली आयोवातल्या एका डेप्युटी शेरीफचं टॉरस पिस्तूल संशयिताचा पाठलाग करताना खाली पडलं आणि आपोआप सुटलं. त्याने दावा लावला. २०१५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली आणि नऊ मॉडेलांची मिळून जवळजवळ दहा लाख पिस्तुलं तिच्या कक्षेत आली. त्यांतली कितीतरी आजही लोकांच्या कपाटात असतील. आयोग नाही, म्हणून टीव्हीवर बातमी नाही, दुकानात कागद नाही. जुनं पिस्तूल घेणाऱ्याने मॉडेल आणि क्रमांक कंपनीकडे फोन करून तपासायचा, तो यासाठी.

महाग घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सिग साउअरचं पी-३२० हे पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात पडलं तर ते सुटू शकतं असं बाहेरच्या लोकांच्या चाचण्यांत दिसलं आणि कंपनीने फुकट सुधारणा करून द्यायचं जाहीर केलं. ‘रिकॉल’ हा शब्द तिथेही नव्हता, ‘ऐच्छिक’ असा शब्द होता. कॅलिफोर्नियात पिस्तूल राज्याच्या यादीत यायचं तर ते काँक्रीटवर पाडून बघतात, नमुन्याच्या पिस्तुलांतून ६००-६०० गोळ्या झाडून बघतात. आमच्या ओहायोत अशी यादी नाही. इथे परीक्षक म्हणजे गिऱ्हाईकच.

मग आम्ही परीक्षा घेतली. खरेदीच्या आधी, मंगळवारी दुपारी, तिने चार कंपन्यांना फोन केले. मी शेजारी वही घेऊन बसले होते, जुनी सवय. प्रश्न तेच : पिस्तूल अडकायला लागलं तर काय करायचं? दुसऱ्या मालकाला वॉरंटी मिळते का? पाठवायचा खर्च कोणाचा? एकीकडे पस्तीस मिनिटं संगीतच ऐकलं. एकीने पावती आणि पहिला मालक या दोन गोष्टींवर गाडी अडवली. एका ठिकाणी माणूस बोलला, पण त्यालाच खात्री नव्हती. चौथीकडे एका बाईंनी फोन उचलून पत्ता विचारला आणि गरज पडली तर लेबल आम्ही पाठवू, असं सांगितलं.

हा लेबलचा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. दुरुस्तीसाठी पिस्तूल थेट कंपनीकडे पाठवता येतं आणि कंपनी ते थेट तुमच्या घरी परत पाठवू शकते, मधे दुकानदार लागत नाही. पण सरकारी टपालाने पिस्तूल पाठवायला सामान्य माणसाला १९२७ च्या कायद्यापासून वर्षानुवर्षे बंदी राहिली आहे, आणि मोठ्या खासगी कुरिअर कंपन्या आता परवानाधारकांशीच करार करून असं पार्सल घेतात. म्हणजे कंपनीने लेबल दिलं नाही, तर तुम्हाला दुकानदाराला पैसे मोजून त्याच्यामार्फत पाठवावं लागतं. ५० डॉलर इकडे, ५० तिकडे, आणि स्वस्त पिस्तुलाचा स्वस्तपणा संपला.

तिने चौथ्या कंपनीचं घेतलं. रेंजवर २०० गोळ्या झाडायच्या, हे आधीच ठरवलं होतं. नाइन एमएमची गोळी २५ ते ३५ सेंटला पडते, म्हणजे ६० डॉलर आणखी गेले. हा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धरायचा. सरावाच्या साध्या गोळ्या नीट गेल्या. पण दुकानात ठेवायच्या होत्या त्या पोकळ टोकाच्या गोळ्या पहिल्या पन्नासात तीनदा अडकल्या. रात्री दोन वाजता काउंटरवर हे कळलं असतं तर? लेबल आलं, पिस्तूल गेलं आणि १९ दिवसांनी परत आलं. मॅगझिन बदललेलं, सोबत काय केलं त्याची दोन ओळींची चिठ्ठी. पुन्हा पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. वहीत मी पिस्तुलाला दहापैकी सहा आणि कंपनीला नऊ दिले. ते १९ दिवस तिचा नवरा दिवसपाळीवाल्या पोराला थांबवून घेत होता, त्याचे पैसे वेगळे.

माझा हट्ट एकच होता, पेटीचा. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत गृहपाठ करतो. शाळेत शिकवताना मुलं कपाटाच्या किल्ल्या कशा शोधतात ते मी पाहिलंय, शिक्षकांच्या आधी त्यांना माहीत असतं. नव्या पिस्तुलाबरोबर दुकानदाराला कुलूप किंवा तत्सम साधन द्यावंच लागतं. ते बहुधा तारेचं असतं, आणि तसलंच अनेक पोलीस ठाण्यांत फुकटही मिळतं. साठवणीला ते ठीक, काउंटरखाली निरुपयोगी. बोटांनी आकडे दाबून अंधारातही उघडणारी पोलादी पेटी काउंटरला बोल्टने घट्ट बसवायला शंभर-सव्वाशे डॉलर पडले. ती म्हणाली, “पिस्तुलाच्या निम्म्या किमतीची पेटी?” मी म्हटलं, “हो.” या देशात बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आत्महत्या करणारे असतात. घरात वयात आलेलं मूल असेल, कोणी उदास असेल, तर ही निम्मी किंमत आधी मोजा, नाहीतर पिस्तूलच राहू द्या.

एक गोष्ट राहिली, डिसेंबरात पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांसाठी. रेंजला नेलेली पिशवी विमानात हातातलं सामान म्हणून घेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूस पुरतं. भारतात परवान्याशिवाय जिवंत काडतूस सापडलं, तर विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, आणि ‘चुकून राहिलं’ हे पोलिसांना नव्हे, पुढे कोर्टाला पटवावं लागतं. मैत्रिणीने रेंजसाठी वेगळी पिशवी घेतली आहे. केशरी रंगाची, लांबूनही ओळखू येईल अशी.