पोटची लेक आणि परक्याचे धन
मुलगी म्हणजे परक्याचे धन. ते ज्याचे त्याला पोचते होईपर्यंत आईने सांभाळायचे, एवढाच जुन्या काळातला आई-लेकीचा संबंध, माया ही नंतरची भर, असे एक मत माळव्याच्या इतिहासाविषयी ठासून मांडले जाते. त्यासाठी तीन दाखले देतात, एक ग्रीसचा आणि दोन माळव्याचे. ग्रीकांची धान्यदेवी डिमीटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांची कथा म्हणजे पिकाच्या चक्राचे रूपक, बाकी काही नाही. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा बहिणी म्हणून नांदतात, मायलेकी म्हणून नव्हे. आणि महेश्वरात सगळी सत्ता हाती असताना अहिल्याबाई होळकरांनी पोटच्या मुलीला सती जाऊ दिले.

टेकडीच्या दाखल्यात दम नाही. बहिणी म्हटल्या की त्यांना आई आलीच.

डिमीटरच्या कथेत पीक आहे, पण ते बुडते आईच्या रागाने. पाताळाचा राजा हेडीस मुलीला पळवून नेतो आणि तिच्या बापाने, झ्यूसने, त्याला आधीच होकार दिलेला असतो. आईला कोणी विचारलेले नसते. ती अन्नपाणी सोडून मशाली घेऊन नऊ दिवस वणवण फिरते आणि पुढे देवांचे नैवेद्यही बंद पडतील असा दुष्काळ पाडते. अखेर वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात आणि बाकीचा आईपाशी, अशी तडजोड होते. नुसते बियाण्याचे रूपक हवे असते तर बापाचा परस्पर होकार कथेत कशाला आला असता? अथेन्सच्या लग्न झालेल्या बायका याच देवीचा थेस्मोफोरिया हा उत्सव पुरुषांना मज्जाव करून पाळत, आणि त्यांच्या मुली चौदा-पंधराव्या वर्षी बापाच्या शब्दावर परक्या घरी जात.

खरा राग येतो तो तिसऱ्या दाखल्याचा. मांडवचा घाट उतरून नर्मदेच्या काठाने गेले की महेश्वर येते. 1791 साली तिथे अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई सती गेली. त्याच्या आगेमागे काय घडले हे न पाहता आईवर ठपका ठेवणे हा अन्याय आहे. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाईही सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हाररावांनी विनवणी केली आणि त्या थांबल्या. त्या वेळी मालेराव आणि मुक्ता ही दोन्ही मुले हयात होती आणि म्हाताऱ्या सासऱ्याला दौलतीचे काम सांभाळणारे माणूस हवे होते. थांबण्याला कारण होते. मुक्ताबाईपाशी काय उरले होते? मुलगा नथ्याबा गेला, पाठोपाठ नवरा यशवंतराव फणसे गेला. भाऊ मालेराव 1767 मध्येच गेलेला. आई सहासष्ट वर्षांची. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने 1823 च्या आपल्या ग्रंथात जे नोंदवले आहे त्यानुसार मुलीने आईला हेच सांगितले: तू म्हातारी झालीस, तुझ्यामागे मी कोणासाठी जगू, आणि तेव्हा मानाने मरण्याची वेळही टळून गेलेली असेल. या प्रश्नाला राज्य चालवणाऱ्या बाईपाशीही उत्तर नव्हते. सतीबंदीचा कायदा झाला तो 1829 मध्ये, तोही कंपनीच्या मुलखापुरता.

त्याच नोंदीत पुढचे आहे. आई चितेपर्यंत चालत गेली. दोन ब्राह्मणांनी तिचे दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा ती किंचाळली, आणि हात सुटेनात म्हणून स्वतःच्याच हातांना चावली. नंतर नर्मदेत स्नान करून ती वाड्यात गेली, तीन दिवस जवळजवळ अन्न घेतले नाही, एक शब्दही बोलली नाही. हिला माया नव्हती म्हणायचे?

यावर जुनाच आक्षेप येतो: माल्कम परका, त्याने तीस वर्षांनी ऐकीव माहिती लिहिली. ती ऐकीव आहे, हे मान्य. पण अहिल्याबाईंचा न्याय, त्यांची दिनचर्या, त्यांचा दानधर्म सांगताना याच ग्रंथाचा आधार घ्यायचा आणि आईचा आक्रोश आला की तो अविश्वसनीय ठरवायचा, ही पुराव्याची पारख नव्हे. कारभाराचे कागद जपले जातात, बायकांचे रडणे दप्तरात जात नाही. म्हणून ते नव्हतेच, हा निष्कर्ष वर्षानुवर्षे असाच काढला गेला आहे. युरिपिडीजच्या नाटकात इवॅडनी नवऱ्याच्या चितेत उडी घेते आणि समोर उभा असलेला तिचा बाप तिला अडवू शकत नाही. त्यावरून ग्रीक बापांना मुलींची माया नव्हती असे कोणी म्हणत नाही.

नात्याचा उघड पुरावाही आहे. अथेन्सच्या केरामेइकोस स्मशानात इसवी सनपूर्व 410 च्या सुमाराचा अँफरेटी नावाच्या बाईचा कोरीव दगड सापडला. खुर्चीवर बसलेली आजी, हातात तान्हे मूल. वरचा लेख सांगतो की हे तिच्या मुलीचे मूल आहे. जिवंतपणी तिने ते मांडीवर घेतले होते आणि आता दोघे मेल्यावरही ती त्याला धरून आहे. मुलगी परक्याची होऊन गेली असती तर तिच्या मुलाला असे कवटाळून आजी दगडात कोरली गेली नसती.

आणि पीक व माया एकमेकांच्या आड येत नाहीत हे पाहायला ग्रीसला जायचीही गरज नाही. धार जिल्ह्याच्या निमाडी पट्ट्यात चैत्रात गणगौर बसते. टोपल्यांत गव्हाचे जवारे पेरतात, ते वाढतात तोवर देवी रणूबाई माहेरपणाला आलेली असते, मग तिचा नवरा धणियर राजा तिला न्यायला येतो आणि तिची पाठवणी होते. धार-देवासच्या मराठी घरांत भाद्रपदात गौरी येतात, जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. हे सण आजवर चालवले ते मुख्यतः बायकांनी, आणि त्यांत मुलगी परत येते ती आईच्या घरी.