पडणारे श्रमिक आणि हसविणारे भांडवल

बंगळूरच्या जयनगर वसाहतीला लागून, होसूर रस्त्यावर, ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. २००८ साली कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीला उपचारांसाठी तेथे आणण्यात आले. दूरचित्रवाणीवरील एका बंगाली नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी कॅमेऱ्यासमोर तिची निर्भर्त्सना केली आणि त्यानंतर तिची वाचा गेली, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. आजाराची कारणमीमांसा करणे हे डॉक्टरांचे काम. परंतु वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा एक प्रश्न त्या वेळी अनुत्तरित राहिला आणि तो आजही तसाच आहे. स्टुडिओतील प्रखर दिव्यांखाली उभी राहणारी ती मुलगी तेथे नेमकी कोण होती? पाहुणी, कलावंत, खेळाडू, की कामगार?

त्या वेळच्या चर्चेचा रोख परीक्षकांच्या उद्धटपणावर आणि पालकांच्या महत्त्वाकांक्षेवर होता. जयनगर ही १९४८ साली पायाभरणी झालेली, रुंद रस्त्यांची आणि सुखवस्तू मध्यमवर्गाची वसाहत. अशा वसाहतींच्या दिवाणखान्यांतून असे कार्यक्रम आवडीने पाहिले जातात आणि दोष काही व्यक्तींच्या स्वभावाचा आहे असे स्पष्टीकरण तेथे सोयीचे ठरते. वस्तुस्थिती निराळी आहे. स्पर्धकाची फजिती हा या कार्यक्रमांतील अपघात नसून तोच त्यांचा कच्चा माल आहे. तो काढण्याचे तंत्र ज्या देशात पूर्णत्वास गेले, त्या जपानकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते.

चिखलातील किल्ला

टोकियो ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या कंपनीने १९८६ साली ‘ताकेशीचा किल्ला’ हा खेळ सुरू केला. विनोदी नट ताकेशी कितानो हा किल्ल्याचा धनी. शंभराहून अधिक सामान्य माणसांनी निसरड्या दगडांवरून, फिरत्या ओंडक्यांवरून आणि चिखलाच्या तळ्यांतून त्याच्यावर चालून जायचे. जिंकणाऱ्यास दहा लाख येन. किल्ला सर होण्याचे प्रसंग अगदी विरळ. कार्यक्रम उभा होता तो पडणाऱ्यांवर.

याच काळात जपानी श्रमिकांचे काय चालले होते? एप्रिल १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करून तिचे खासगीकरण झाले आणि रेल्वे कामगारांच्या लढाऊ संघटनेचा कणा मोडला. १९८८ साली अतिश्रमाने मरणाऱ्या कामगारांच्या कुटुंबीयांसाठी वकिलांना दूरध्वनी सल्लासेवा उघडावी लागली. ‘कारोशी’ हा शब्द तेव्हापासून जगाला कळू लागला. १९८९ साली ‘सोह्यो’ ही मोठी कामगार महासंघटना विसर्जित झाली. चिखलातील खेळ हे या धोरणाचे कारस्थान होते असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. परंतु ज्या समाजात सामुदायिकपणे उभे राहण्याची साधने हिरावली जात होती, त्याच समाजात एकेकट्याने धावणे आणि एकेकट्याने कोसळणे ही करमणूक व्हावी, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

पुढची पायरी १९९८ सालची. निप्पॉन टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमासाठी एका होतकरू विनोदी नटाला विवस्त्र करून एका खोलीत ठेवण्यात आले. मासिकांतील बक्षीस योजनांची कार्डे भरायची, जे मिळेल त्यावर जगायचे आणि दहा लाख येनांची बक्षिसे जमेपर्यंत बाहेर यायचे नाही, अशी अट होती. ‘नासुबी’ या नावाने तो ओळखला जाई. त्याचे हे जिणे आठवड्यामागून आठवडे देशभर दाखविले जात होते आणि याची त्याला कल्पना नव्हती. जवळजवळ वर्षाने अट पूर्ण झाली, तेव्हा त्याला कोरियात नेऊन परतीच्या भाड्यासाठी तोच प्रकार पुन्हा करावयास लावण्यात आला.

त्या खोलीच्या दाराला कुलूप नव्हते. ‘तो स्वखुशीने राहिला’ असे म्हणणाऱ्यांचा हाच आधार आहे. पण गिरणीच्या दाराला तरी आतून कुलूप कोठे असते? माणसाला आत ठेवते ती गरज, आणि ही संधी गेली तर दुसरी मिळणार नाही ही भीती.

नाव पुसलेला माणूस

भारतात ‘ताकेशीचा किल्ला’ पोगो वाहिनीवरून जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह घराघरांत पोहोचला. मराठी मुलेही त्यावर पोट धरून हसली. समालोचकाचे कौशल्य वादातीत होते. परंतु त्या भाषांतरात एक गोष्ट निमूटपणे घडली. ओंडक्यावरून घसरणाऱ्या जपानी माणसाचे खरे नाव, त्याचा व्यवसाय, त्याचे बोलणे हे सारे पुसले गेले आणि त्याच्या जागी काल्पनिक भारतीय नावे व चुटके आले. उरले फक्त पडणारे शरीर. बाजारात देशोदेशी फिरणाऱ्या मालावर तो घडविणाऱ्या हातांचे नाव नसते, तसेच हे.

मालाची मालकी मात्र कोणी सोडत नाही. २००८ साली अमेरिकेत ‘वाइपआउट’ हा तशाच धर्तीचा खेळ सुरू झाला. टोकियोच्या कंपनीने आपल्या कल्पनेची चोरी झाल्याचा दावा त्याच वर्षी दाखल केला आणि २०११ साली तडजोड झाली. घसरण्या-आपटण्याच्या कल्पनेचा धनी कोण, यावर दोन खंडांतील कंपन्या तीन वर्षे भांडल्या. प्रत्यक्ष घसरणारा आणि आपटणारा त्या दाव्यात पक्षकारही नव्हता. या खेळासाठी अर्जेंटिनात एक कायमचे मैदान उभारून देशोदेशीचे स्पर्धक तेथे नेले जात. ‘जोर का झटका’ ही २०११ सालची हिंदी आवृत्तीही तेथेच चित्रित झाली. सूत्रधार होते शाहरुख खान. ती दाखविणारी इमॅजिन वाहिनी पुढच्याच वर्षी बंद पडली, पण साचा जगभर फिरत राहिला. २०२० साली अमेरिकी ‘वाइपआउट’ची फेरी पूर्ण केल्यानंतर एका स्पर्धकाचा मृत्यू झाला, तरीही कार्यक्रम पडद्यावर आला.

खेडे, शहर आणि ‘टास्क’

कर्नाटकात या साच्याने देशी वेष घेतला. सुवर्ण वाहिनीने शहरी मुलींना खेड्यात पाठविणारी एक स्पर्धा दाखविली, तर ‘हळ्ळि हैद पेटेगे बंद’ या दुसऱ्या स्पर्धेत खेड्यांतील आणि वनवस्त्यांतील तरुणांना बंगळूरमध्ये आणले. हसू कशाचे होते? शहरी वस्तूंसमोर गोंधळलेल्या गरीब माणसाचे. हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील जो आदिवासी तरुण ती स्पर्धा जिंकला, तो चित्रपटाचा नायकही झाला आणि २०१३ साली म्हैसूर येथे इमारतीवरून पडून मरण पावला. त्या मृत्यूचे खापर एका कार्यक्रमावर फोडणे अन्यायाचे होईल. पण माणसाला त्याच्या जगातून उचलून प्रकाशझोतात ठेवणाऱ्याची जबाबदारी दिवे मालवल्यावर संपते काय, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

मराठीत झी मराठीने २०२३ साली ‘जाऊ बाई गावात’ याच वळणावर आणले. शहरी तरुणीने गोठ्यातील शेण काढले की तो ‘टास्क’ होतो आणि त्याला गुण मिळतात. तेच काम कोट्यवधी ग्रामीण स्त्रिया रोज पहाटे करतात. त्याला ना गुण, ना मजुरी, ना प्रेक्षक.

आणखी एक उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळूरजवळील बिडदी येथे कन्नड ‘बिग बॉस’चे चित्रीकरण चालू असलेल्या स्टुडिओला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने टाळे ठोकले. काही दिवसांतच सरकारी पातळीवरून सूत्रे हलली आणि चित्रीकरण पूर्ववत झाले. नोटीस सांडपाण्याची होती. आत राहणाऱ्या माणसांच्या कामाच्या तासांची नव्हती.

कायद्यातील पोकळी

१९८१ चा सिने कामगार कायदा कथापटांपुरता होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली. या श्रमसंहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो सकारण आहे. तरीही या संहितेतील एक तपशील ध्यानात घ्यावा. दृक्‌श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत ‘रिॲलिटी शो’ स्पष्टपणे आले आहेत. दृक्‌श्राव्य कामगारांत नट, गायक, नर्तक, निवेदक, इतकेच नव्हे तर जोखमीची दृश्ये करणाराही आहे. मात्र त्याच उंचीवरून उडी मारणाऱ्या स्पर्धकाचा नामनिर्देश नाही. बालकांच्या बाबतीत २०१७ च्या नियमांनी दिवसाला पाच तासांची आणि विश्रांतीविना सलग तीन तासांची मर्यादा घातली, तसेच मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे ठेवण्याचे बंधन घातले. प्रौढ स्पर्धकाला असा आधारही नाही.

अन्यत्र ही कोंडी फुटू लागली आहे. ‘टेम्प्टेशन आयलंड’च्या फ्रेंच आवृत्तीतील स्पर्धक हे नोकरीच्या करारानेच बांधलेले होते, असा निर्णय फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये दिला. उठण्या-झोपण्याच्या वेळा निर्माता ठरवितो, उपक्रम सक्तीचे असतात, दृश्ये पुन्हा करावी लागतात. मग हे काम नव्हे तर काय, असा त्यामागचा सरळ विचार होता. अमेरिकेतही राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या विभागीय कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘लव्ह इज ब्लाइंड’चे स्पर्धक कर्मचारीच आहेत अशी भूमिका घेतली.

‘हे तर हौशी लोक, त्यांना प्रसिद्धी मिळते’ हा आक्षेप नेहमीचा आहे. प्रसिद्धी मिळते हे खरे, आणि काही गरीब घरांतील मुलामुलींना या मार्गाने पुढे येता आले हेही खरे. म्हणूनच बंदीची मागणी निरर्थक आहे. परंतु हजारातील एकाला मिळणारी प्रसिद्धी ही उरलेल्यांची मजुरी होऊ शकत नाही. पहिल्या फेरीत बाद होणाऱ्याचे पडणेही वाहिनी जाहिरातदाराला विकतेच.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. स्पर्धकाचा कायद्यात स्पष्ट उल्लेख, त्याच्या भाषेत लेखी करार, चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसाचे किमान वेतन, अपघात विमा, आणि कार्यक्रम संपल्यानंतरही काही काळ वैद्यकीय व मानसिक साहाय्य. मुंबईच्या चित्रनगरीत प्रकाशयोजनेचे, वेशभूषेचे, जोखमीच्या दृश्यांचे कामगार आपापल्या संघटनांतून आणि त्यांच्या महासंघातून आपले हक्क मागतात. त्यांच्याच दिव्यांखाली उभा असलेला स्पर्धक तेवढा एकटा आहे. महिन्या-दोन महिन्यांपुरता येऊन निघून जाणाऱ्याला स्वतःची संघटना उभारणे कठीण; ते काम तेथे कायम राबणाऱ्यांच्या संघटनांनीच अंगावर घेतले पाहिजे.